मालक कोण? चाळीतल्या एका भाडेपावतीवरून मालमत्तेचा हक्क समजून घेताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं 'खाजगी मालमत्तेचे हक्क, मर्यादित शासन आणि मुक्त बाजार: महाराष्ट्राच्या धोरणाचा अभ्यास'. मला ते फार भारदस्त वाटलं होतं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि 'हक्क' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल करून बाजूला लिहिलं, 'कुठला?' मग 'शासन' या शब्दाखाली रेघ मारून लिहिलं, 'कशाने मर्यादित?' बाकी बारा पानांवर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

तेव्हा राग आला होता. आता तुमच्यापैकी कोणी प्रवेशाची तयारी करताना मला प्रपोजल वाचायला पाठवतं, तेव्हा मीही हेच दोन प्रश्न विचारते. खाजगी मालमत्ता असावी की नसावी, सरकार लहान हवं की मोठं, बाजार मोकळा हवा की बांधलेला, यांवर कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत छान बोलता येतं. संशोधन मात्र करता येत नाही, कारण यातल्या प्रत्येक शब्दाच्या पोटात पाच-सहा वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या सुट्या कशा करायच्या, ते आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण मुंबईच्या जुन्या चाळीचं आहे.

मावशीची पावती

माझी मावशी गिरगावात एका चाळीत राहते. दोन खोल्या, समोर सामायिक गॅलरी, जिन्याला कित्येक वर्षांपासून लाकडी टेकू. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ताडपत्री घालतात. सरांनी विचारलेला प्रश्न डोक्यात घेऊन मी तिच्याकडे गेले होते आणि सहज विचारलं, "मावशी, ही खोली कोणाची?"

"आमची," ती म्हणाली. मग तिने कपाटातून भाडेपावत्यांचा गठ्ठा काढला. पावतीवर 'भाडेकरू' म्हणून काकांचं नाव आणि महिन्याचं तीन आकडी भाडं. खोली 'आमची' कशी, तर ऐंशीच्या दशकात काकांनी आधीच्या भाडेकरूला आणि मालकाला पागडी देऊन ती घेतली होती. त्यासाठी मावशीच्या बांगड्या मोडल्या होत्या. त्या पैशांची पावती अर्थातच नाही, कारण तेव्हा पागडी घेणं हा गुन्हा होता. भाडेपावतीवर नाव चढलं, एवढाच पुरावा.

पुढे मालकांच्या मुलाशीही बोलले. ते म्हणाले, "सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून जे भाडं येतं, त्यात हा जिनासुद्धा दुरुस्त होत नाही. प्रॉपर्टी कार्डावर नाव आमचं, पण आम्ही मालक कसले?"

आता सांगा, इथे खाजगी मालमत्तेचा हक्क आहे की नाही? दोघंही म्हणतात, आहे, आणि माझा आहे. दोघंही म्हणतात, तो नीट राखला गेला नाही. आणि छत दोघांच्याही डोक्यावर गळतंय.

हक्क म्हणजे मोळी

कायद्याचे अभ्यासक मालकीकडे एक अखंड वस्तू म्हणून बघत नाहीत. टोनी ऑनोरे यांनी १९६१ मध्ये 'ओनरशिप' नावाच्या निबंधात मालकीचे अकरा घटक सांगितले: ताबा, वापर, व्यवस्थापन, उत्पन्न, विक्री, वारसा वगैरे. अर्थशास्त्रात यालाच हक्कांची मोळी म्हणतात. मोळीतल्या काटक्या सुट्या काढता येतात आणि वेगवेगळ्या माणसांच्या हातात जाऊ शकतात.

मावशीच्या चाळीची मोळी सोडून बघू.

१. राहण्याचा आणि ताब्याचा हक्क: भाडेकरूकडे. कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज काढता येत नाही.

२. भाडं ठरवण्याचा हक्क: दोघांकडेही नाही. तो कायद्याकडे आहे.

३. भाड्याचं उत्पन्न: मालकाकडे, पण कायद्याने ठरवलं तेवढंच.

४. दुरुस्तीची जबाबदारी: मूळची मालकाची. मात्र १९६९ च्या कायद्याने बेट मुंबईतल्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि मोठ्या, रचनेशी संबंधित दुरुस्तीचं काम दुरुस्ती मंडळाकडे गेलं. पुढे हे मंडळ म्हाडात आलं. म्हणूनच या इमारतींना 'उपकरप्राप्त' म्हणतात. सुरुवातीला त्यांची संख्या १९,६४२ होती.

५. विकण्याचा हक्क: दुभंगलेला. मालक इमारत विकू शकतो, पण भाडेकरूंसकट. भाडेकरू खोलीतलं आपलं 'स्थान' पागडीने देऊ शकतो, पण मालकाच्या संमतीने, आणि त्या रकमेत मालकाचा वाटा असतो.

६. वारसा: दोन्हीकडे. मालकाची इमारत त्याच्या मुलांकडे जाते आणि भाडेकरूचं भाडेकरूपण सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे.

७. पाडून नवं बांधण्याचा हक्क: एकट्या कोणाकडेच नाही. मालक, पुरेसे भाडेकरू, मंडळ आणि महापालिका एकत्र आले तरच.

ही यादी करायला मला एक दुपार लागली, पण सिनॉप्सिस तिथेच बदलला. 'मालमत्तेचा हक्क कमकुवत आहे' या वाक्याच्या जागी आता मला म्हणता येत होतं, 'उत्पन्नाची काटकी एकाकडे, ताब्याची दुसऱ्याकडे आणि दुरुस्तीची तिसऱ्याकडे आहे. त्याचे परिणाम काय?' या प्रश्नाला उत्तर शोधता येतं.

भाडं गोठलं कसं?

मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसांची गर्दी झाली, बांधकामाचं सामान मिळेना, भाडी वाढू लागली. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्यात १ सप्टेंबर १९४० रोजी जागेला जे भाडं होतं, ते प्रमाणभूत धरलं. कायदा तात्पुरता होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि तो अर्धशतक टिकला.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. सुरुवातीला वाजवी असलेली तरतूद काळ बदलल्यावर गैरवाजवी ठरू शकते, आणि भाडं गोठवण्याबाबत तसंच झालं आहे. कायद्याची मुदत लवकरच संपणार होती म्हणून न्यायालयाने तो रद्द केला नाही, नवा कायदा करताना याचा विचार व्हावा असं सुचवलं. मग महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडं वर्षाला ४ टक्के वाढवण्याची मुभा आहे. चक्रवाढ धरली तरी १०० रुपयांचं भाडं २५ वर्षांनी साधारण २६७ रुपये होतं. म्हणजे जिथून सुरुवात केली तो आकडाच लहान असल्यामुळे पुढची वाढ कागदावरच राहते.

बाजार गेला कुठे?

इथे पुष्कळ विद्यार्थी लिहितात, 'भाडेनियंत्रणामुळे मुक्त बाजार नष्ट झाला.' असं लिहू नका, कारण तसं झालेलं नाही. स्टीव्हन चेउंग यांनी १९७४ मध्ये किंमत-नियंत्रणाचा सिद्धांत मांडताना हेच दाखवलं. समजा एखाद्या जागेची लोक द्यायला तयार असलेली किंमत १०० आहे आणि कायद्याने मालकाला १० च घेता येतात. उरलेल्या ९० वर कोणाचा हक्क, हे कायदा सांगत नाही. मग ते ९० मिळवण्यासाठी लोक धडपडतात: रांगेत उभे राहतात, ओळखी लावतात, टेबलाखालून पैसे देतात. किंवा मालक दुरुस्ती थांबवतो आणि जागेचीच किंमत हळूहळू १० कडे घसरते.

मुंबईत हे दोन्ही झालं. टेबलाखालच्या पैशांचं नाव पागडी. ती इतकी रुळली की १९९९ च्या कायद्याने तिला कायदेशीर मान्यताच दिली. आणि दुरुस्ती थांबल्याचा परिणाम म्हणजे जिन्याचा टेकू.

पागडीकडे 'भ्रष्टाचार' म्हणून बघितलं की अभ्यास तिथेच संपतो. तिच्याकडे किंमत म्हणून बघा. भाड्याच्या रूपात जी किंमत उघडपणे देता येत नव्हती, ती एकरकमी, चोरून आणि पावतीशिवाय दिली गेली. बाजार चालूच होता. गेली ती व्यवहाराची नोंद आणि नोंदीबरोबर येणारं संरक्षण.

'मर्यादित शासन' म्हणजे लहान शासन?

सरांचा दुसरा प्रश्न होता, कशाने मर्यादित?

सरकारचा आकार मोजायची सोपी पद्धत म्हणजे एकूण राष्ट्रीय उत्पन्नात सरकारी खर्चाचा वाटा. आता भाडेनियंत्रणाला ही पट्टी लावून बघा. भाडं गोठवायला सरकारला जवळपास काहीच खर्च येत नाही. अर्थसंकल्पात ते दिसतही नाही. तरीही लाखो लोकांच्या मोळीतल्या काटक्या त्याने हलवल्या. उलट स्कँडिनेव्हियातल्या देशांत सरकारी खर्च भरपूर असतो, पण मालमत्तेचे हक्क आणि न्यायालयं भक्कम आहेत. म्हणूनच फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या आर्थिक स्वातंत्र्याच्या निर्देशांकात 'सरकारचा आकार' आणि 'कायदेव्यवस्था व मालमत्तेचे हक्क' ही दोन वेगळी दालनं आहेत. तुमच्या प्रपोजलमध्ये एकूण निर्देशांक वापरणार असाल, तर आधी त्यातलं कुठलं दालन तुमच्या प्रश्नाशी संबंधित आहे ते सांगा. नाहीतर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येणार.

मर्यादित शासनाचा दुसरा अर्थ आहे नियमांनी बांधलेलं शासन. सरकार काटकी काढून घेऊ शकतं का, कुठल्या कारणासाठी, कशा पद्धतीने आणि काय मोबदला देऊन? हे प्रश्न घटनेचे आहेत. तिथे आपली गोष्ट गिरगावातून थेट दिल्लीला जाते.

मूळ घटनेत मालमत्ता मूलभूत हक्क होता: अनुच्छेद १९(१)(फ) आणि ३१. १९५१ मध्येच पहिल्या घटनादुरुस्तीने जमीनदारी निर्मूलनाचे कायदे वाचवण्यासाठी ३१क, ३१ख आणि नववी अनुसूची आली. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सरकार हरलं. त्यानंतर १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ग आणलं. शेवटी १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढली. अनुच्छेद ३००क तेवढं उरलं. त्यानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही.

'मूलभूत हक्क गेला म्हणजे हक्क गेला' असं लिहिणारे निबंध मी बरेच वाचलेत. इथेही मोळी आठवा. कोलकाता महापालिका विरुद्ध बिमल कुमार शहा या मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ३००क चे सात उपहक्क सांगितले: आधी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, प्रक्रिया वेळेत आणि नीट पार पाडणं, आणि ती पूर्णत्वाला नेणं. ही यादी वाचल्यावर 'मर्यादित शासन' मोजण्याजोगं वाटायला लागतं. नोटीस दिली की नाही, किती दिवसांनी भरपाई मिळाली, हे फायलीत सापडतं.

चाळ नऊ न्यायाधीशांपुढे

आता याच चाळींचा खटला. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आलं. उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के भोगवटादारांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर ती इमारत संपादित करून त्यांना देता येईल, अशी तरतूद. मालकाला भरपाई मासिक भाड्याच्या शंभर पट.

हिशोब करून बघा. समजा चाळीत २० बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाचं भाडं २०० रुपये. महिन्याला ४,००० रुपये झाले. त्याच्या शंभर पट म्हणजे ४ लाख रुपये. दक्षिण मुंबईतली अख्खी इमारत, जमिनीसकट, ४ लाखांत. आधी कायद्याने भाडं गोठवलं आणि मग त्याच गोठलेल्या भाड्यावरून भरपाई ठरवली.

प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयात हरली आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचली. तिथे प्रकरण तीनवरून पाच, पाचवरून सात आणि २००२ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेलं. मुद्दा असा होता: राज्याने समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची होईल असं धोरण आखावं, असं अनुच्छेद ३९(ख) सांगतं. मग खाजगी माणसाची चाळ ही 'समाजाची साधनसंपत्ती' आहे का?

निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. नऊपैकी सात न्यायाधीशांनी सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता आपोआप समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, पण काही ठरू शकते. त्या साधनाचं स्वरूप, दुर्मीळता, लोकांच्या हितावर होणारा परिणाम, ते मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम, असं सगळं बघून ठरवावं लागेल. न्यायमूर्ती नागरत्ना अंशतः सहमत होत्या आणि न्यायमूर्ती धुलिया असहमत. बहुमताने असंही म्हटलं की घटना एखाद्या ठरावीक आर्थिक विचारसरणीला कायमची बांधलेली नाही.

दोन्ही बाजूंच्या लोकांनी 'आमचा विजय' म्हणून मथळे दिले. तुम्ही निकाल वाचताना एक गोष्ट टिपून ठेवा: पीठाने घटनेच्या अर्थाचे प्रश्न सोडवले. आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हे ठरवायचं काम नेहमीच्या पीठाकडे सोडलं. बत्तीस वर्षांनीही चाळीचा प्रश्न बाकी होता. निकालाच्या बातमीवरून लिहायचं नाही, निकालाची शेवटची पानं वाचायची, हा धडा मी यातूनच शिकले.

पुरावा कसा शोधायचा?

आता खरं काम. 'भाडेनियंत्रणामुळे इमारती मोडकळीस आल्या' हे सगळे म्हणतात. पण या इमारती जुन्याही आहेत. लाकूड वाळवीने खाल्लं, समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजलं. मग दोष भाड्याचा किती आणि वयाचा किती? नियंत्रित आणि अनियंत्रित इमारतींची सरळ तुलना केली, तर तुम्ही खरं म्हणजे जुन्या आणि नव्या इमारतींची तुलना करताय.

यातून वाट कशी काढतात याचा एक सुंदर नमुना सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. तिथे १९९४ च्या मतदानाने लहान, बहुकुटुंबी इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू झालं, पण फक्त १९८० पूर्वी बांधलेल्या. डायमंड, मॅक्वेड आणि चियान या तिघांनी १९८० च्या थोड्या आधीच्या आणि थोड्या नंतरच्या इमारतींमधल्या लोकांची तुलना केली. वय जवळपास सारखं, शहर तेच, फरक फक्त कायद्याचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या. संरक्षण मिळालेले भाडेकरू आपल्या घरात जास्त टिकले, म्हणजे कायद्याने ज्यांना वाचवायचं होतं त्यांना वाचवलं. पण मालकांनी इमारतींचा वापर बदलून भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटवला आणि त्यामुळे शहरभरातली भाडी ५.१ टक्क्यांनी वाढली. आत असलेल्यांचा फायदा झाला आणि बाहेरून येणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली.

असा उंबरठा आपल्याकडे सापडेल का? बघा. १९९९ च्या कायद्यात एक आहे: भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपन्यांना भाडेकरू म्हणून संरक्षण नाही. म्हणजे ९९ लाखांची कंपनी सुरक्षित आणि १ कोटीची असुरक्षित. कागदावर फार छान संधी वाटते. पण थांबा आणि स्वतःला विचारा, ही रेषा लोक ओलांडू शकतात का? कंपनी भागभांडवल १ कोटीच्या खाली ठेवू शकते. मग रेषेच्या दोन बाजूंच्या कंपन्या सारख्या राहत नाहीत, त्यांनी स्वतःच बाजू निवडलेली असते. इमारत बांधल्याचं वर्ष मात्र मागे जाऊन कोणाला बदलता येत नाही, म्हणून १९८० ची रेषा जास्त विश्वासार्ह.

दुसरी कल्पना: दुरुस्ती उपकर फक्त बेट मुंबईत आहे. माहीम-सायनच्या अलीकडे आहे, वांद्रे-कुर्ल्याच्या पलीकडे नाही. भाडेनियंत्रण दोन्हीकडे. म्हणजे मंडळाच्या दुरुस्तीचा परिणाम वेगळा काढता येईल का? कदाचित. पण मधल्या खाडीच्या दोन्ही बाजूंची वस्ती, जमीन आणि इतिहास सारखा आहे हे आधी दाखवावं लागेल. तुमच्या प्रपोजलमध्ये अशी कल्पना मांडलीत की लगेच तिच्या विरोधातला सगळ्यात जोरदार मुद्दाही तुम्हीच मांडा. परीक्षकांनी तो काढण्याआधी.

मग नियंत्रण उठवायचं का?

इथे मी स्वतः अडकले होते, आणि ते अडकणं तुमच्यापुढे ठेवते.

मुक्त बाजाराचा समर्थक म्हणेल, नियंत्रण रद्द करा, मालकाला पूर्ण हक्क द्या. मालमत्तेच्या हक्काचा हाच अर्थ. पण मावशीच्या बांगड्यांचं काय? काकांनी ऐंशीच्या दशकात पागडी दिली ती कमी भाड्याची आणि कायम राहण्याची किंमत म्हणूनच दिली. त्यातला वाटा मालकाने घेतला. उद्या कायदा रद्द झाला, तर ज्याचे पैसे एकदा मोजले ती गोष्ट काढून घेतली जाईल. म्हणजे मालमत्तेच्या हक्काच्या नावानेच मालमत्ता जाईल.

आणि उलट बाजूने, भाडेकरूंच्या न्यायाच्या नावाने ४ लाखांत चाळ संपादित केली, तर मालकाचं तेच होईल. त्यातही सगळे भाडेकरू सारखे नाहीत. कोणी पागडी मोजलेली असते, तर कोणाच्या आजोबांना खोली नुसत्या भाड्यावर मिळालेली असते. आणि सगळे मालकही सारखे नाहीत. कोणी पागडीतला वाटा वर्षानुवर्षं घेतला, तर कोणाच्या चाळीत एकही खोली बदललेली नाही.

माझं आजचं मत सांगते. चुकीचं वाटलं तर जरूर वाद घाला. खाजगी मालमत्तेच्या बाजूने असणं म्हणजे मालकाच्या बाजूने असणं, असं मी आता मानत नाही. ज्याच्याकडे जी काटकी आहे ती त्याची म्हणून आधी नोंदवली जावी, आणि ती हलवायची तर त्याच्या संमतीने किंवा खऱ्या किमतीच्या मोबदल्याने हलवावी. या कसोटीवर १ सप्टेंबर १९४० चं गोठलेलं भाडंही नापास होतं, शंभर पटीची भरपाईही नापास होते आणि उद्याची सरसकट मुक्तीही नापास होते. पुनर्विकासात जेव्हा मालक, भाडेकरू आणि विकासक यांच्यात खरोखर लेखी करार होतो आणि तो पाळला जातो, तेव्हा सुट्या काटक्यांची पुन्हा मोळी बांधली जाते. तो करार का रखडतो, कोण अडून बसतं, न्यायालयात किती वर्षं जातात, हा माझ्या प्रबंधाचा आताचा विषय आहे.

तुमच्या वहीत लिहून ठेवा

तुमचा विषय शेतजमिनीचा असो, पेटंटचा असो, खाणींचा असो, नाहीतर फेरीवाल्यांच्या जागांचा. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा:

१. मी मोळीतल्या नेमक्या कुठल्या काटकीबद्दल बोलतेय/बोलतोय?

२. ती आज कोणाच्या हातात आहे, आणि कोणाविरुद्ध?

३. ती कोण, कुठल्या नियमाने, किती खर्चाने हलवू शकतं?

४. ती हललेली आणि न हललेली, अशा दोन सारख्या जागा मला कुठे सापडतील?

चौथ्या ओळीचं उत्तर पहिल्या दिवशी सापडणार नाही. मला आठ महिने लागले. पण पहिल्या तीन ओळी कोऱ्या असतील, तर तुमच्याकडे अजून विषय नाही, फक्त बाजू आहे.

परवा मावशीकडे गेले होते. चाळीत पुनर्विकासाची बैठक झाली, मालकांचा मुलगाही आला होता. तिघांनी सही केली नाही, म्हणून बैठक पुढच्या महिन्यावर गेली. मावशीने नव्या भाडेपावतीला भोक पाडून ती गठ्ठ्यात ओवली आणि मला म्हणाली, "तुझा अभ्यास होईपर्यंत हा जिना टिकायला हवा गं."